साधा मजकूर आणि संगणकांच्या निरनिराळ्या रीती

एका लहान गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात काही वर्षांपूर्वी घडलेला प्रसंग प्रस्तुत लेखकाने जवळून पाहिला आहे. ग्रंथपालांनी कित्येक महिने खपून ग्रंथांची सूची संगणकावर उतरविली होती. एके दिवशी एका होतकरू मदतनिसाने ती दुसऱ्या संगणकावर उघडली, तीत दोन नव्या ग्रंथांची नावे घातली आणि ती जतन करण्याची आज्ञा दिली. पडद्यावर इंग्रजीत एक सूचना उमटली. फाइलमधील काही अक्षरे अशा रीतीने जतन केल्यास नष्ट होतील, असा तिचा आशय होता. मदतनिसाने ती न वाचताच होकाराची कळ दाबली. दुसऱ्या दिवशी सूची उघडली, तेव्हा मराठी अक्षरांच्या जागी केवळ प्रश्नचिन्हांच्या रांगा होत्या. इंग्रजी आकड्यांत लिहिलेले दाखल-क्रमांक तेवढे शाबूत होते. जुनी कार्डे टाकून दिली नव्हती म्हणूनच सूची पुन्हा लिहिता आली.

दोष अर्थातच मदतनिसाच्या माथी आला. आमच्या मते तो त्याचा नव्हता. संगणकाच्या फाइलमध्ये अक्षरे नसून अंक असतात, आणि त्या अंकांचा अर्थ लावण्याच्या रीती एकाहून अधिक आहेत, ही गोष्ट त्याला कोणीच सांगितली नव्हती. आज शाळांतून संगणकाचे शिक्षण दिले जाते, पण त्यातही ही गोष्ट बहुधा सांगितली जात नाही. सुबक मथळे, रंगीत अक्षरे आणि चित्रे यांनी सजविलेला मजकूर कसा करावा हे मुले लवकर शिकतात. साधा मजकूर म्हणजे काय, हे मात्र त्यांना ठाऊक नसते. हा क्रम उलटा आहे आणि तो बदलला पाहिजे, हे सांगणे हाच ह्या पुस्तिकेचा हेतू होय.

१. फाइलमध्ये काय असते?

ज्यात अक्षरांचा आकार, जाडी, रंग अथवा पानाची मांडणी यांची कोणतीही नोंद नसते, केवळ अक्षरांचा अनुक्रम असतो, त्याला साधा मजकूर म्हणावे. तो लिहिण्याच्या व दुरुस्त करण्याच्या साधनाला टेक्स्ट एडिटर असे नाव आहे. विंडोजवरील नोटपॅड हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. लिनक्सवर नॅनो, तर तिन्ही प्रमुख कार्यप्रणालींवर विम, ईमॅक्स आणि व्हिज्युअल स्टुडिओ कोड हे एडिटर चालतात. ह्यांपैकी काहींची परंपरा बरीच जुनी आहे. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास लिहिलेल्या ‘व्हीआय’ ह्या एडिटरचा वारसा ब्राम मोलेनार यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या विमकडे आला. ईमॅक्सचा आरंभही १९७६ सालचाच.

प्रोग्राम, आकडेवारीची कोष्टके, संकेतस्थळांची पाने, खुद्द संगणकाच्या मांडणीच्या फाइली ह्या बहुतांशी साध्या मजकुरातच असतात. पन्नास वर्षांपूर्वी लिहिलेली साध्या मजकुराची फाइल आजही कोणत्याही एडिटरमध्ये वाचता येते. सजविलेल्या दस्तऐवजांविषयी असे छातीठोकपणे सांगता येत नाही. परंतु हा साधेपणा पूर्ण नाही. दोन ठिकाणी निरनिराळ्या यंत्रांच्या रीती भिन्न आहेत: एक ओळीच्या शेवटी, आणि दुसरे अक्षरांच्या कोष्टकात. एडिटरविषयी ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतील पुष्कळशा ह्या दोन ठिकाणी उगम पावतात.

२. ओळ कोठे संपते?

ज्यांनी जुने टंकयंत्र चालविले आहे, त्यांना आठवत असेल की ओळ संपल्यावर डावीकडील दांडा सरकवावा लागे. त्या एकाच हालचालीत दोन कामे होत: कागद एका ओळीने वर सरके आणि गाडी आरंभस्थानी परत येई. टेलिप्रिंटरमध्ये ह्या दोन कामांसाठी दोन स्वतंत्र संकेत ठेविले गेले. १९६३ साली ठरलेल्या आस्की ह्या संकेतकोष्टकात गाडी परत आणणाऱ्या संकेताचा क्रमांक १३, तर कागद सरकविणाऱ्या संकेताचा क्रमांक १० आहे. त्याच काळातील ‘टेलिटाइप मॉडेल ३३’ हे यंत्र सेकंदाला १० अक्षरे छापी. गाडीला उजव्या टोकापासून डाव्या टोकापर्यंत यावयास एका अक्षराच्या अवधीहून, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाहून, अधिक वेळ लागे. म्हणून प्रथम १३ आणि मग १० पाठविण्याची रीत सोयीची ठरली; कागद सरकेपर्यंत गाडीला परतण्यास अवसर मिळे.

पुढे यंत्रे बदलली, गाडी नाहीशी झाली, पण संकेत राहिले. युनिक्स प्रणालीच्या कर्त्यांनी ओळीच्या शेवटासाठी एकटा १० पुरेसा मानला, आणि लिनक्सने तीच रीत चालविली. मायक्रोसॉफ्टच्या डॉस व विंडोज ह्या प्रणालींनी १३ व १० ही जोडी कायम ठेविली. ॲपलच्या १९८४ सालच्या मॅकिंटॉशने एकटा १३ वापरला. २००१ साली आलेल्या नव्या प्रणालीपासून ॲपलही युनिक्सच्या रीतीने १० वापरू लागले. ह्यांपैकी एक रीत शहाणपणाची व दुसरी मूर्खपणाची, असे म्हणता येत नाही. इंटरनेटवरील टपालाच्या नियमांत आजही १३ व १० ही जोडीच सांगितलेली आहे.

ह्या भेदाचे परिणाम मात्र चमत्कारिक होतात. लिनक्सवर लिहिलेली फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडली असता सगळा मजकूर एकाच अखंड ओळीत दिसे. हा दोष २०१८ साली दूर करण्यात आला. उलट दिशेचा दोष अधिक फसवा आहे. समजा, एका विद्यार्थिनीने घरी विंडोजवर एक आज्ञावली लिहिली आणि ती शाळेतील लिनक्स संगणकावर चालविली. पहिल्या ओळीत ही आज्ञावली कोणत्या प्रोग्रामने वाचावी त्याचे नाव तिने बिनचूक लिहिले आहे. तरीही ‘असा प्रोग्राम सापडत नाही’ असे उत्तर येते. कारण असे की, लिनक्सच्या दृष्टीने ओळ १० ह्या संकेतापाशी संपते. त्याच्या अगोदरचा १३ हा संकेत नावाचाच भाग ठरतो. म्हणून संगणक ‘अमुक’ नावाच्या प्रोग्रामऐवजी ‘अमुक अधिक १३’ अशा नावाचा प्रोग्राम शोधू लागतो. तसा तो कोठेच नसतो. पडद्यावर पाहणाऱ्या शिक्षकाला सर्व काही बरोबर दिसते, यंत्र मात्र चूक म्हणते, आणि मुलगी आपल्यालाच काही जमत नाही असे समजून गप्प बसते. हे नुकसान कोणत्याही फाइलच्या नुकसानीहून मोठे आहे.

३. अक्षरांचे कोष्टक

आस्कीमध्ये १२८ संकेत होते आणि त्यांत रोमन अक्षरांखेरीज कोणत्याही लिपीला स्थान नव्हते. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण भारतीय मानक संस्थेने १९९१ साली मान्य केले. तथापि छपाईच्या व कचेरीच्या कामात ज्याने त्याने आपापले फॉन्ट बनविले आणि रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकृत्या बसविल्या. अशा फाइलमध्ये वस्तुतः रोमन अक्षरांचेच अंक असतात; तो विशिष्ट फॉन्ट काढून घेतला की मराठी लेख अर्थहीन रोमन अक्षरांचा ढीग होतो. ह्या काळात लिहिलेले कितीतरी मराठी साहित्य आज त्याच अवस्थेत पडून आहे.

१९९१ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या युनिकोड ह्या जागतिक कोष्टकाने प्रत्येक लिपीला स्वतंत्र जागा दिली. त्यात देवनागरीसाठी १२८ स्थानांचा मुख्य गट आहे. हे क्रमांक फाइलमध्ये साठविण्याची यूटीएफ-८ ही पद्धती केन टॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली योजिली. तीत आस्कीतील अक्षराला एक बाइट, तर ह्या गटातील देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. उदाहरणार्थ, आपला ‘ळ’ हा २२४, १६४ आणि १७९ अशा तीन अंकांनी साठविला जातो.

येथे एक अत्यंत उपयुक्त निदान हाती येते. मराठी मजकूर बिघडलेला दिसला तर घाबरून न जाता तो कसा बिघडला आहे ते पाहावे. ह्याचे तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार: ज्याच्या माथ्यावर तिरकी रेघ आहे असे लहान रोमन ‘ए’ अक्षर, आणि त्यामागे कधी चलनाचे सर्वसाधारण गोल चिन्ह तर कधी जपानी येनचे चिन्ह, अशी जोडी पुनःपुन्हा दिसते. ह्याचा अर्थ फाइल पूर्णपणे शाबूत आहे. एडिटर तिला पश्चिम युरोपच्या कोष्टकाने वाचतो आहे, एवढेच. त्या कोष्टकात २२४ म्हणजे तो ‘ए’, १६४ म्हणजे चलनाचे चिन्ह आणि १६५ म्हणजे येन. देवनागरी गटाच्या पूर्वार्धातील सर्व चिन्हांचा दुसरा अंक १६४, तर उत्तरार्धातील चिन्हांचा १६५ असतो. म्हणूनच ही जोडी सतत भेटते. अशा वेळी फाइल जतन करू नये, ती बंद करावी आणि यूटीएफ-८ निवडून पुन्हा उघडावी.

दुसरा प्रकार: अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. येथेही बहुधा फाइल शाबूत असते. त्या संगणकावर देवनागरी आकृत्यांचा फॉन्ट नसतो, इतकेच. फॉन्ट बसविला की काम भागते.

तिसरा प्रकार: अक्षरांच्या जागी साधी प्रश्नचिन्हे दिसतात. ज्या कोष्टकात देवनागरीला स्थानच नाही अशा कोष्टकात मजकूर जतन झाला असेल, तर प्रत्येक चिन्हाचा अंक पुसून तेथे प्रश्नचिन्हाचा अंक लिहिला जातो. मूळ अंक गेले, म्हणजे मजकूर गेला. आरंभी सांगितलेल्या ग्रंथालयात हेच झाले होते.

ह्याखेरीज दोन बारीक गोष्टी ध्यानात ठेवाव्या. विंडोजवरील काही प्रोग्राम यूटीएफ-८ फाइलच्या आरंभी २३९, १८७, १९१ हे तीन अंक खुणेदाखल घालतात. ती खूण पडद्यावर दिसत नाही, पण लिनक्सवरील आज्ञावलीच्या पहिल्या ओळीला ती बाधते. नोटपॅडने २०१९ पासून नव्या फाइलींत ती घालणे सोडले आहे. दुसरी गोष्ट खास मराठीची. ‘ॲ’ ह्या अक्षराला युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र क्रमांक मिळाला. परंतु ‘अ’ला अर्धचंद्र जोडूनही तेच अक्षर लिहिता येते. दोन्ही आकृत्या बहुधा सारख्याच दिसतात, अंक मात्र वेगळे असतात. म्हणून एका रीतीने लिहिलेला ‘ॲरिस्टॉटल’ दुसऱ्या रीतीने शोधला असता सापडत नाही, आणि वाचकाला ग्रंथ नाही असे सांगितले जाते.

४. दोष शोधण्याची रीत

एडिटरच्या मांडणीच्या फाइली कार्यप्रणालीगणिक निराळ्या जागी असतात. विमची मांडणी लिनक्सवर ज्या फाइलीत असते तिचे नाव टिंबाने सुरू होते, आणि म्हणून ती साध्या यादीत दिसत नाही. विंडोजवर त्या नावाच्या आरंभी टिंबाऐवजी अधोरेखा घालण्याचा प्रघात आहे. लिनक्स फाइलींच्या नावांतील मोठी व लहान रोमन अक्षरे भिन्न मानते. विंडोज सामान्यतः मानीत नाही. शिवाय नोटपॅड नावाच्या शेवटी ‘टीएक्सटी’ हे शेपूट आपण होऊन जोडतो, आणि विंडोज ते शेपूट दाखवीत नाही. ‘मी मांडणी बदलली, पण परिणाम काहीच झाला नाही’ अशी तक्रार आली, तर फाइल चुकीच्या जागी किंवा चुकीच्या नावाने ठेविली गेली असण्याचा संभव प्रथम तपासावा.

पुष्कळ जण अशा वेळी दहा मांडण्या एकदम बदलतात, आणि दोष गेला तरी तो कशाने गेला हे त्यांना कळत नाही. शास्त्रीय रीत वेगळी आहे. प्रथम फाइलची प्रत काढून तिच्यावरच प्रयोग करावा. नंतर एडिटरच्या तळपट्टीवर अक्षरकोष्टक आणि ओळीच्या शेवटाची रीत कोणती दाखविली आहे ते वाचावे. नोटपॅड व व्हिज्युअल स्टुडिओ कोड यांच्या आताच्या आवृत्त्यांत ती तेथे दिसते. त्यानंतर एडिटर त्याच्या सर्व मांडण्या व जोड-प्रोग्राम बाजूस ठेवून उघडावा. विम, ईमॅक्स आणि व्हिज्युअल स्टुडिओ कोड ह्या तिन्हींत तशी सोय आहे. दोष तरीही राहिला तर तो फाइलीत किंवा खुद्द एडिटरमध्ये आहे. नाहीसा झाला तर मांडणीत किंवा जोड-प्रोग्रामांत आहे. समजा, ३२ जोड-प्रोग्राम आहेत आणि त्यांतील एकच सदोष आहे. एकेक काढून पाहिल्यास ३१ प्रयोग करावे लागण्याचा संभव आहे. त्याऐवजी निम्मे बंद करून पाहावे, मग ज्या निम्म्यांत दोष आढळेल त्यांचे पुन्हा दोन भाग करावे. अशा रीतीने १६, ८, ४, २ आणि १ असे जात केवळ ५ प्रयोगांत दोष हाती येतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि जे केले ते वहीत लिहून ठेवावे. प्रयोगशाळेत आपण विद्यार्थ्यांकडून ह्याहून वेगळे काय करवून घेतो?

५. दोन आक्षेप

आजचे एडिटर ह्या गोष्टी आपण होऊन ओळखतात, मग मुलांना हा शीण कशाला, असा एक आक्षेप घेतला जातो. त्याला उत्तर असे की, जेथे फाइलीतच काही खूण नसते तेथे एडिटरचे ओळखणे म्हणजे केवळ तर्क असतो. विंडोज एक्सपीच्या काळात नोटपॅडमध्ये चार इंग्रजी शब्दांचे एक विवक्षित वाक्य लिहून जतन केले आणि पुन्हा उघडले, तर त्या जागी चिनी अक्षरे दिसत. अंक तेच होते. यंत्राचा तर्क चुकला होता. तर्क सुधारतील, पण ते तर्कच राहतील. ज्याला मूळ गोष्ट ठाऊक आहे त्यालाच यंत्राचा तर्क चुकल्याचे कळेल.

दुसरा आक्षेप असा की, देशभर एकच कार्यप्रणाली का ठेवू नये? केरळातील सरकारी शाळांत लिनक्सवर आधारलेली प्रणाली वापरली जाते, इतरत्र विंडोज आढळते, आणि घरोघरी अँड्रॉइडचे दूरध्वनी आहेत. हे वैविध्य राहणारच, आणि ते वाईटही नाही. १९५६ साली आपल्या देशात वजनमापांच्या प्रमाणीकरणाचा कायदा झाला. तत्पूर्वी एका प्रांताचा शेर दुसऱ्या प्रांताच्या शेराशी जुळत नसे. त्या कायद्याने सर्व दुकानदारांनी एकाच कारखान्याचा तराजू घ्यावा असे ठरविले नाही. तराजू ज्याचा त्याचा ठेवून वजन तेवढे एक केले. मजकुराच्या बाबतीतही आपण हेच केले पाहिजे.

६. काय करावे?

आमच्या मते प्रत्येक शाळेने आणि ग्रंथालयाने पुढील नियम लिहून भिंतीवर लावावे. सर्व मजकूर यूटीएफ-८ मध्ये, आरंभीच्या खुणेशिवाय, लिहावा. ओळीचा शेवट एकट्या १० ह्या संकेताने करावा, आणि शेवटची ओळही तशीच संपवावी. ह्याला थोडे अपवाद आहेत: विंडोजच्या आज्ञावलींच्या बॅच फाइलींना १३ व १० ही जोडी ठेवणे सुरक्षित असते, आणि एक्सेलमध्ये थेट उघडावयाच्या स्वल्पविरामी कोष्टकांना आरंभीची खूण उपयोगी पडते. अपवाद असले तर तेही लिहून ठेवावे. समासासाठी टॅब वापरावा की मोकळ्या जागा, तेही एकदा ठरवून टाकावे. पायथन ह्या भाषेची आताची आवृत्ती दोहोंची संदिग्ध सरमिसळ असलेला प्रोग्राम नाकारते.

हे नियम केवळ भिंतीवर न राहता मजकुराच्याच शेजारी असावे. ‘एडिटरकॉन्फिग’ नावाचा एक खुला संकेत आहे. त्यानुसार फाइलींच्या कप्प्यातच एक छोटी फाइल ठेवून तीत अक्षरकोष्टक, ओळीचा शेवट आणि समास यांचे नियम लिहिता येतात. काही एडिटर ती आपण होऊन वाचतात, काहींना त्यासाठी जोड-प्रोग्राम लागतो. मांडणी यंत्रावर न ठेवता मजकुराबरोबर ठेवण्यातील लाभ हा की, मजकूर कोणत्याही संगणकावर गेला तरी त्याचे नियम त्याच्याबरोबर जातात, आणि प्रत्येक यंत्राच्या सवयीवर विसंबून राहावे लागत नाही.

शिक्षकांना एक विनंती अशी की, विद्यार्थ्याचा प्रोग्राम चालला नाही तर त्याला शून्य देण्यापूर्वी ओळीचा शेवट आणि आरंभीची खूण तपासावी. ज्यांच्या हाती ह्या साधनांची निर्मिती आहे त्यांना दुसरी विनंती अशी की, वाचकाचा मजकूर नष्ट करणारी सूचना तरी त्याच्या भाषेत द्यावी. त्या मदतनिसाला मराठी उत्तम वाचता येत होते. ‘तुमची सर्व मराठी अक्षरे पुसली जातील’ एवढे एक वाक्य मराठीत असते, तर त्याचा हात खचित थांबला असता.

लेखन आणि वाचन ह्या कला मनुष्य पिढ्यानुपिढ्या शिकत आला. शाई कशी करावी, कागद कसा राखावा, वाळवीपासून पोथी कशी वाचवावी, हे ज्ञानही त्या कलांचाच भाग मानले जाई. संगणकावरील साध्या मजकुराचे ज्ञान त्याच जातीचे आहे. ते कठीण नाही. दोन-तीन तासिकांत ते देता येते. ते न दिल्यास मात्र आपले लेखन आपल्याच पुढच्या पिढीपर्यंत पोहोचेल की नाही, हे यंत्रांच्या तर्कावर अवलंबून राहील.